जुन्या दुर्बिणींची नोंदवही करतोय (फोंडा, गोवा). काय काय लिहून ठेवावं?

कुळागरवाला (धागाकर्ता) | रवि, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी.

आमच्या गावचं वाचनालय नव्या इमारतीत हलवताना जुन्या कपाटामागून एक लांबट लाकडी पेटी निघाली. आत पितळी दुर्बीण, तीन टप्प्यांत ओढून लांब होणारी. पेटीच्या झाकणावर वाळवीने नक्षी काढली आहे, पण नळी धडधाकट. बातमी गावात पसरली आणि लोक येऊ लागले. 'आमच्या माळ्यावर पण एक आहे', 'आजोबांचं काहीतरी होतं बुवा, बघून सांगतो'. दोन महिन्यांत अकरा वस्तू झाल्या. वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच आहेत, मी फक्त वहीत नोंद करतोय.

यादी साधारण अशी: वाचनालयाची दुर्बीण, तिच्यावर 'डॉलंड, लंडन' असं कोरलंय. कातडी वेष्टनाची एक दुर्बीण, कातडं फाटलेलं. सासष्टीतल्या एका तारवट्याच्या (बोटीवर नोकरी केलेल्याच्या) घरचा सेक्स्टंट, म्हणजे समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, पेटीसकट. काळ्या लाकडाचं सेक्स्टंटसारखंच पण मोठं, त्रिकोणी यंत्र. एका हायस्कुलातली परावर्तक (भिंगाऐवजी आरशाची) दुर्बीण, तिथल्या जुन्या सरांनी आरसा स्वतः घासून केलेली. देवळातून आलेलं तांब्याचं भोकाचं भांडं (हे यादीत घ्यावं की नाही, माहीत नाही). माझ्या भाच्याने हणजुणच्या बुधवारच्या बाजारात घेतलेली दुर्बीण. बाकीच्या चार म्हणजे सुटी भिंगं, एक तिपाई आणि दोन होकायंत्रं.

वहीत पाच रकाने पाडलेत: क्रमांक, वस्तू, कोणाची, किती जुनी, किंमत. वाचनालयाच्या दुर्बिणीपुढे '४०० वर्षे' लिहिलंय, कारण आमचे नव्वदीतले भाई शपथेवर सांगतात की ती जुन्या गोव्यातल्या पाद्र्यांच्या मठातून आली. त्यांच्या वडिलांनी त्यांना तसं सांगितलं होतं.

तर प्रश्न असे. नोंद कशी करायची? पितळ घासून लख्ख करू का? आणि किंमत कोण सांगेल?

---

मांडवीपलीकडे | रवि, रात्री ९:३१

घासू नका. घासू नका. घासू नका.

बाकी उद्या लिहितो, पण आज रात्री कोणी उत्साहाने चिंच घेऊन बसण्याआधी हे सांगणं भाग होतं.

---

सुंगटाचं_लोणचं | रवि, रात्री ९:४४

वाखु (वाचनखूण) साठवली. फोटो मात्र दिसत नाहीयेत.

---

मांडवीपलीकडे | सोम, सकाळी ७:०५

रात्रीच्या ओरडण्याचं कारण. मी एका शाळेत शिकवत होतो (नाव नको). तिथे प्रयोगशाळेत एक पितळी कोनमापक यंत्र होतं, वर्तुळावर केसाएवढ्या बारीक रेघा. स्नेहसंमेलनाला पाहुणे येणार म्हणून आम्ही पोरांकडून ते चिंच आणि राखेने घासून घेतलं. समईसारखं चमकलं. पाहुण्यांनी कौतुक केलं. नंतर लक्षात आलं की अर्ध्या अंशाच्या रेघा निम्म्या वर्तुळावर उरल्याच नाहीत, आणि करणाऱ्याचं नाव होतं तिथे आता नुसती 'न्स' एवढी दोन अक्षरं लागतात. 'सन्स'मधली. कुठल्या बापाचे सन्स ते कायमचं गेलं. घासायला सांगणारा मीच होतो, त्यामुळे कुणावर चिडायची सोय नाही.

जुन्या यंत्रांच्या पितळेवर मुळात लाखेचा पातळ मुलामा असतो. तो सोनेरी-तपकिरी दिसतो तो मळ नव्हे. मऊ, कोरडा, सुती फडका आणि रंगाचा मऊ ब्रश, बस. भिंगावर तर फडकाही नको, आधी फुंकणीने धूळ उडवा. कितीही जपून घासलं तरी धुळीतली वाळू काचेवर ओरखडे पाडतेच.

---

भिंगरी | सोम, सकाळी १०:२०

मस्त धागा! मी जुनी भिंगं दुरुस्त करते, हौस म्हणून. काही प्रश्न.

'डॉलंड' असं तुम्ही देवनागरीत लिहिलंय. वहीतही तसंच लिहिलंय का? तिथेच घोळ आहे. रोमनमध्ये त्या नावात दोन्ही ठिकाणी 'ओ' येतो. जॉन डॉलंडने १७५८ मध्ये रंगदोष नसलेल्या जोडभिंगाचं पेटंट घेतलं, आणि नंतर त्याच्या मुलाने धंदा असा वाढवला की 'डॉलंड' म्हणजेच चांगली दुर्बीण असं समीकरण झालं. मग नकला आल्या. नक्कल करणारे बऱ्याचदा दुसऱ्या 'ओ'च्या जागी 'ए' कोरत. देवनागरीत दोन्ही 'डॉलंड'च! अस्सल आणि नक्कल आपल्या लिपीत जुळी भावंडं होऊन बसतात. म्हणून कोरीव अक्षरांचा तिरप्या उजेडात जवळून फोटो घ्या, आणि जशी आहेत तशीच, चुकीसकट, रोमनमध्ये उतरवून घ्या. सुधारून लिहू नका.

आता चारशे वर्षांबद्दल. घरच्या घरी एक परीक्षा होते. खोली अंधारी करा, पुढच्या मोठ्या भिंगासमोर मेणबत्ती किंवा मोबाइलची टॉर्च धरा आणि भिंगात दिसणाऱ्या दिव्याच्या प्रतिमा मोजा. दोन ठळक असतील तर एकच भिंग. दोन ठळक आणि मध्ये एक अगदी फिकी असेल तर दोन भिंगं एकमेकांना चिकटवलेली. चार ठळक दिसल्या तर दोन भिंगं आहेत पण मध्ये हवेची फट. जोडभिंग निघालं की भाईंच्या चारशे वर्षांचं काय करायचं ते ठरवा. चिकटवलेली जोडी तर बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची.

किती पट मोठं दिसतं हेही काढता येतं. दुर्बीण दूरवर नीट जुळवून दिवसा आकाशाकडे धरा (सूर्याच्या दिशेने चुकूनही नको, डोळा जाईल), आणि डोळा हातभर मागे घ्या. नेत्रभिंगात एक छोटी उजळ टिकली तरंगताना दिसेल. तिचा व्यास पट्टीने मोजा. पुढच्या भिंगाचा मोकळा व्यास भागिले टिकलीचा व्यास. ४४ मिमी भिंग आणि २ मिमी टिकली म्हणजे २२ पट.

तुमच्या रकान्यांत एकही मोजमाप नाही हो. किंमत आहे आणि व्यास नाही!

---

शून्य_अंश | सोम, दुपारी १:१५

@भिंगरी +१. भर घालतो. कुणाला जेम्स शॉर्टची पितळी परावर्तक दुर्बीण सापडली तर नावापुढच्या आकड्यांकडे लक्ष द्या. तो एक अपूर्णांकासारखी संख्या, मग बरोबरचं चिन्ह आणि पुढे आणखी एक आकडा कोरायचा. पहिला आकडा म्हणजे त्या मापाची कितवी, दुसरा म्हणजे त्याने केलेल्या सगळ्यांतली कितवी, आणि बरोबरच्या पुढे आरशाचं नाभीय अंतर इंचांत. १७६८ मध्ये वारला तोवर त्याने तेराशेच्या वर दुर्बिणी केल्या होत्या. म्हणजे वस्तू स्वतःच आपला दाखला हातात घेऊन येते.

त्या काळचे आरसे काचेचे नसत, तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूचे असत. काळे पडतात. काळा पडला म्हणून कुणी घासायला घेतला तर आरशाचा आकार बिघडतो आणि दुर्बीण मेली. काचेवर चांदी चढवायची पद्धत १८५०च्या दशकात आली, त्यामुळे हायस्कुलातल्या सरांची दुर्बीण अर्थातच त्या वंशातली. पण तिला यादीत खाली ढकलू नका. घरी आरसा घासणारे मास्तर हा आपल्याकडचा इतिहासच आहे. ते सर हयात असतील तर वाळू कुठली, पिच (आरशाला झिलई द्यायचं डांबरासारखं द्रव्य) कुठून आणली, किती महिने लागले, हे रेकॉर्ड करून घ्या. मी लहानपणी पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवर रांगेत उभं राहून शनीची कडी पाहिली तेव्हा पुढच्या काकांनी 'हा स्टिकर लावलाय' म्हणून हुज्जत घातली होती. अवांतर झालं.

---

देवगडचा_हापूस | सोम, संध्या ६:४०

शेजारधर्म म्हणून लिहितो. गोव्यात दुर्बिणी शोधताय, जरा वर विजयदुर्गाला या. हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला. १८६८ साली इंग्रज खगोलज्ञ लॉकयरसाहेब किल्ल्यावर आला आणि ओट्यावर दुर्बीण मांडून ग्रहण बघितलं. 'साहेबाचे ओटे' अजून आहेत. यादीत ते घ्या.

---

शून्य_अंश | सोम, रात्री ८:०२

ओटे आहेत, साहेबही आला होता. पण १८९८ साली. २२ जानेवारी १८९८चं खग्रास ग्रहण, लॉकयरचा तळ विजयदुर्गावर, मदतीला मेल्पोमिनी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी.

१८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणाला तो भारतात नव्हताच. तेव्हा गुंटूरला फ्रेंच खगोलज्ञ जान्सन होता, तिथेच मेजर टेनंटचा तळ. आपल्याला जवळचं म्हणजे जमखंडी, पटवर्धनांच्या संस्थानात, तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेलने यंत्रं मांडली होती. लॉकयरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेघ सोडियमची नाही, हे त्याचं म्हणणं. तीच हेलियमची रेघ.

---

देवगडचा_हापूस | सोम, रात्री ८:२०

म्हणजे आम्ही दर वर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतो तो उगाच?

---

शून्य_अंश | सोम, रात्री ८:२६

उगाच कशाला, करा की. तारीख हेलियमच्या गोष्टीतली आहेच, जागा दुसऱ्या गोष्टीतली आहे. ओट्यांची खरी गोष्टही काही कमी नाही. एवढंच की नोंदवहीत '१८६८' लिहिलं तर ते ओटे तीस वर्षांनी म्हातारे होतात.

---

देवगडचा_हापूस | सोम, रात्री ८:३१

ठीकाय. पण आंबे पाठवणार नाही.

---

आल्तिनो_चढणारा | मंगळ, सकाळी ११:५०

भाईंच्या बाजूने थोडं बोलतो. दुर्बीण चारशे वर्षांची नसेल, पण 'पाद्री, जुनं गोवं आणि दुर्बीण' ही सांगड हवेतून आलेली नाही.

४ ऑक्टोबर १६१८ला लिस्बनहून निघालेली जेजुइट पाद्र्यांची एक तुकडी गोव्यात उतरली. चीनला जायचं होतं. त्यांत योहान श्रेक होता, गॅलिलिओ ज्या रोमच्या लिंचेई अकादमीचा सदस्य होता तिचाच हाही सदस्य. आदाम शाल, जाकोमो रो आणि बोहेमियाचा वेन्सेस्लास किर्विट्झर हेही त्यांत. हे पुढे चीनच्या पंचांगसुधारणेत नाव काढणारे लोक. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. ते उतरल्यावर महिन्याभरात नोव्हेंबरमध्ये धूमकेतू दिसले. त्या वर्षीच्या धूमकेतूची नोंद जहांगीर बादशहानेही आपल्या आठवणीत केली आहे. किर्विट्झरने गोव्यातून केलेले वेध १६२० मध्ये लॅटिनमध्ये छापले, आणि त्यात नळीचा, म्हणजे दुर्बिणीचा उल्लेख आहे. भारताच्या भूमीवर आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीचा हा अगदी सुरुवातीचा लेखी पुरावा. सुरतेत जेरेमाया शेकर्ली या इंग्रजाने बुधाचं अधिक्रमण (बुध सूर्यबिंबावरून सरकताना) पाहिलं ते त्यानंतर, १६५१ मध्ये.

ती नळी मात्र त्यांच्याबरोबर पुढे गेली असणार, वाचनालयाच्या कपाटात नाही.

आणखी एक धागा. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये पाद्री फिगेरेदोबरोबर पोर्तुगालला माणसं धाडली ती गोव्यावरूनच. येताना त्यांनी ला हीर या फ्रेंच खगोलज्ञाची ग्रहगणिताची कोष्टकं आणली, जयसिंगाने ती वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या जागेत चूक काढली. युरोपहून छापून आलेलं पुस्तक आलं म्हणून मान तुकवली नाही, हे मला फार आवडतं.

आणि अवांतर: १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोव्यात पाडलेल्या नाण्यांत 'एस्पेरा' नावाचं नाणं होतं. त्यावर खगोलयंत्र, कड्याकड्यांचा गोल, मानुएल राजाचं चिन्ह. म्हणजे आपल्याकडे ज्योतिषाचं यंत्र आधी खिशात आलं.

---

तारवट्याची_नात | मंगळ, दुपारी ३:३०

तो सेक्स्टंट आमच्या शेजारच्या घरचा असावा असं वाटतंय, पण विचारत नाही! माझे आजोबाही बोटीवर होते. त्यांच्या सेक्स्टंटच्या पेटीच्या झाकणात आतून एक कागद चिकटवलेला आहे, तपासणीचं प्रमाणपत्र. त्यावर यंत्राचा क्रमांक, तपासणीची तारीख आणि कुठल्या कोनाला किती चूक येते ते. तुमच्याकडच्या पेटीचं झाकण पाहिलंत का? लोक यंत्र ठेवतात आणि पेटी फेकतात.

तुमचं काळं लाकडी यंत्र ऑक्टंट असणार. काळं लाकूड म्हणजे आबनूस, आणि अंशांची पट्टी पांढरी असेल तर हस्तिदंत. पट्टीच्या मध्यावर एखादं छोटं चिन्ह किंवा आद्याक्षरं दिसतात का बघा. ती विकणाऱ्याची नसतात, पट्टी आखणाऱ्याची असतात. लंडनमधल्या स्पेन्सर, ब्राउनिंग आणि रस्ट यांची तीन अक्षरं अशा पट्ट्यांवर बरीच आढळतात, आणि यंत्रावर नाव मात्र कुठल्या तरी बंदरातल्या दुकानदाराचं. म्हणून 'करणारा' आणि 'विकणारा' असे दोन रकाने हवेत.

आणि एक. तांब्याचं भांडं यादीतून काढू नका प्लीज. तळाला बारीक भोक आहे ना? ते घटिकापात्र. पाण्यावर सोडलं की भरून बुडायला एक घटिका, २४ मिनिटं. दिवसाच्या साठ. माझ्या आत्येच्या लग्नात भटजींनी मांडलं होतं, मंगलाष्टकं त्या बुडण्याकडे डोळे लावून चालली होती. पितळी नळी असली की विज्ञान आणि तांब्याचं भांडं असलं की पूजेचं सामान, असं कुठे असतं? श्रीरामुला राजेश्वर शर्मांनी भारतीय खगोलयंत्रांची जी मोठी वर्णनात्मक सूची केली, त्यात अॅस्ट्रोलेबांच्या (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या धातूच्या चकत्यांच्या) बरोबरीने जलघटीही आहेत.

---

सुंगटाचं_लोणचं | मंगळ, दुपारी ४:१०

भांडं बुडवून बघा आणि घड्याळ लावा. मी इकडे वाट बघतोय.

---

निवृत्त_ग्रंथपाल | मंगळ, रात्री १०:०५

सर्वांनी छान लिहिलं आहे. मी नोंदणीच्या अंगाने लिहितो, थोडं लांबेल.

क्रमांक. वर्ष, टिंब, त्या वर्षी आलेला गट, टिंब, गटातली वस्तू. पेटी, दुर्बीण, झाकणी आणि तिपाई एकाच घरून आली तर गटाचा आकडा एक आणि शेवटचे आकडे वेगळे. एकदा दिलेला क्रमांक वस्तू हरवली तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. आपल्या ताब्यात नसलेल्या, लोकांच्या घरच्या वस्तूंसाठी क्रमांकाआधी वेगळं अक्षर ठेवा, नाहीतर वीस वर्षांनी कुणीतरी वही उघडून 'ही वाचनालयाची होती, तुम्ही ढापली' म्हणून शेजाऱ्याच्या दारात उभं राहील. हे मी घडताना पाहिलं आहे.

क्रमांक वस्तूवर लिहू नका. संग्रहालयांत पॅरालॉइड नावाच्या कृत्रिम राळेचा पारदर्शक थर देऊन त्यावर शाईने लिहितात, पण तो अॅसिटोनमध्ये विरघळवलेला असतो आणि जुन्या लाखेच्या मुलाम्याला अॅसिटोन खाऊन टाकतं. तुम्ही सुती फितीने चिठ्ठी बांधा. रबरबँड नको, चिकटपट्टी तर नकोच. आपल्या हवेत रबर दोन पावसाळ्यांत वितळून पितळेला डाग पाडतं.

मालकाचं नाव-पत्ता वेगळ्या वहीत, कुलपात. लोकांना दाखवायच्या यादीत फक्त तालुका. किंमतीचा रकाना आजच खोडा. किंमत लिहिलेली यादी म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण.

आणि सर्वांत महत्त्वाचं. 'किती जुनी' हा रकाना फोडून दोन करा. एकात 'दिसते ते': कोरलेली अक्षरं, मापं, धातू, भिंगांची जोडणी. दुसऱ्यात 'सांगितले ते': कोणी, कधी, कोणाकडून ऐकून. भाईंचं वाक्य त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, दुसऱ्या रकान्यात. ते खोडायचं नाही आणि पहिल्यात न्यायचंही नाही.

वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली हे न लिहिल्याने काय होतं त्याचं घरचं उदाहरण. पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगीतून वेधशाळा झाली, प्राध्यापक कावसजी नायगमवाला तिचे सर्वेसर्वा. डब्लिनच्या ग्रब या दुर्बीणकाराने केलेला वीस इंची परावर्तक, देशातली तेव्हाची सर्वांत मोठी दुर्बीण. ते १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा मिटली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे तिचं नाव 'भावनगर दुर्बीण'. नाव ऐकणारा समजतो भावनगरहून आली. नावातून पुणं गळालं, आणि पुण्यातल्याही कितीजणांना हे ठाऊक आहे?

संगणकावर चढवायचं असेल तर केंद्रीय संग्रहालयं 'जतन' नावाची प्रणाली वापरतात, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेने केलेली. तुमच्या अकरा वस्तूंना साधी वही आणि एक तक्ता पुरे.

---

भाचा_स्वतः | बुध, सकाळी ९:१५

मामा, मला इकडे नाव नोंदवायला लागलं कारण तुम्ही माझी दुर्बीण यादीत सर्वांत शेवटी टाकली आहे. तिच्यावर स्पष्ट लिहिलंय: केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७. साडेतीन हजार दिले आहेत. विकणारा सात सांगत होता.

---

भिंगरी | बुध, सकाळी ९:४०

भाचेबुवा, बसून घ्या.

केल्विनची कंपनी वेगळी आणि ह्यूजेसची वेगळी. दोन्ही एक होऊन 'केल्विन अँड ह्यूजेस' नावाची कंपनी झाली १९४७ मध्ये. १९१७ साली ते नाव कोरायला कोरणारा ज्योतिषी असायला हवा. अशा दुर्बिणी, सेक्स्टंट, होकायंत्रं आजही आपल्या देशात शोभेसाठी तयार होतात, रुडकीकडे त्यांचा मोठा धंदा आहे. पितळ मात्र खरं.

---

भाचा_स्वतः | बुध, सकाळी ९:४३

😐

---

निवृत्त_ग्रंथपाल | बुध, सकाळी १०:३०

तरीही नोंद करा. 'शोभेची प्रतिकृती, हणजुण बाजार, अमुक साली घेतली, अमुक किंमत'. पन्नास वर्षांनी कुणी ती माळ्यावरून काढेल तेव्हा ही ओळ त्याचे साडेतीन हजार वाचवेल. (इथे मात्र किंमत चालेल.)

---

आल्तिनो_चढणारा | बुध, दुपारी १२:२०

'दिसते ते' रकान्यावरून आठवलं. १५०३ मध्ये ओमानच्या अल हल्लानिया बेटापाशी वास्को द गामाच्या ताफ्यातलं एस्मेराल्दा जहाज बुडालं. २०१४ मध्ये पाणबुड्यांना तिथे धातूची एक चकती सापडली. साडेसतरा सेंटिमीटर व्यास, जाडी दोन मिलिमीटरच्याही आत. वर पोर्तुगालचं राजचिन्ह आणि तोच मघाचा कड्यांचा गोल. पण अंशांच्या रेघा डोळ्याला कुठेच दिसेनात, मग हे समुद्री अॅस्ट्रोलेब की नुसती शोभेची तबकडी? इंग्लंडातल्या वॉरिक विद्यापीठात स्कॅन केल्यावर पाच-पाच अंशांवर खुणा सापडल्या. तेव्हा कुठे ते जगातलं सर्वांत जुनं ज्ञात समुद्री अॅस्ट्रोलेब ठरलं. कुणी समुद्रातून काढल्यावर उत्साहात घासलं असतं तर?

---

मांडवीपलीकडे | बुध, दुपारी १२:२५

म्हणून तर तीनदा लिहिलं होतं.

---

शून्य_अंश | गुरु, सकाळी ८:५०

कायद्याचं राहिलं. १९७२चा पुरावस्तू आणि कलाखजिना कायदा. शंभर वर्षांहून जुनी, गतकाळच्या विज्ञानाची साक्ष देणारी वस्तूही पुरावस्तूच्या व्याख्येत बसते. घरात ठेवायला बंदी नाही, नोंदणीची सक्तीही सरकारने अधिसूचित केलेल्या प्रकारांनाच. पण देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला मनाई. लिस्बनला असलेल्या चुलतभावाला 'आजोबांची आठवण' म्हणून बॅगेत घालून देण्याआधी विचार करा. आपल्याकडे हे फार होतं.

---

कुळागरवाला (धागाकर्ता) | रवि, रात्री १०:४०

आठवडाभर गप्प होतो, कारण काम करत होतो. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू ते कळत नाही, म्हणून थेट अहवाल देतो.

वाचनालयाची दुर्बीण: पुढच्या भिंगाचा मोकळा व्यास ४१ मिमी, टिकली जेमतेम २ मिमी, म्हणजे वीस पट. टॉर्चच्या प्रतिमा दोन ठळक, एक फिकी. तिसरी दिसेना म्हणून वीज जायची वाट पाहिली, ती आमच्याकडे फार पाहावी लागत नाही. कोरीव नावात दुसऱ्या जागी 'ए' आहे. भिंगरीताई, तुमचंच खरं. खाली 'दिवस किंवा रात्र' अशा अर्थाचे इंग्रजी शब्दही आहेत. भिंगाच्या कडेला बुरशीचं जाळं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, बाकी हात लावला नाही.

फाटक्या कातड्याची दुर्बीण: कातड्याच्या कडेखाली, पितळेवर, कावळ्याच्या पायासारखा बाण आणि १९१६. शोधल्यावर कळलं की तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. पहिल्या महायुद्धातली फौजी दुर्बीण पोर्तुगीज गोव्यात कशी आली? घरच्यांना माहीत नाही. 'सांगितले ते' रकाना रिकामा ठेवला आहे, बेळगावला नातेवाईक आहेत त्यांना विचारणार.

सेक्स्टंट: झाकणात कागद आहे! अर्धा झुरळांनी खाल्लाय, पण क्रमांक लागतो आणि तो यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळतो. फोटो काढून पेटी बंद केली. ऑक्टंटच्या पट्टीवर मात्र काहीच चिन्ह सापडलं नाही, तसंच लिहिलं.

घटिकापात्र: तीनदा बुडवलं. २३ मिनिटं १० सेकंद, २३:३०, २३:२०. भटजी म्हणाले, तळ झिजून भोक मोठं झालं असणार, त्यांच्या आजोबांच्या वेळी बरोबर होतं. हे वाक्य दुसऱ्या रकान्यात.

हायस्कुलातल्या सरांना भेटलो. दोन तास बोलले. आरसा घासताना घरात कुणी चालायचं नाही असा नियम होता, बायको वैतागून माहेरी गेली होती. बाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणाल्या, 'आठ दिवस नव्हे, महिनाभर.' दोन्ही आकडे लिहून घेतले.

आता भाई. मला धास्ती होती. सगळं सांगितलं, प्रतिमा मोजून दाखवल्या, नावातलं चुकीचं अक्षर दाखवलं, १६१८ची गोष्टही सांगितली. त्यांनी दुर्बीण हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, 'म्हणजे बाबांना कुणीतरी फसवलं.' मी म्हटलं, तसं नाही, भाई, तुमचं म्हणणं वहीत आहेच, तुमच्या नावाने. मग वही मागून घेतली, चष्मा लावला, आपली ओळ वाचली आणि पेन मागितलं. 'मठातून' खोडून 'मठातून आली असे बाबा म्हणत' असं केलं, खाली सही केली. तारीखही घातली, पण गेल्या वर्षीची. ती तशीच ठेवली आहे.

पुढच्या रविवारी डिचोलीकडे दोन घरी जायचंय. एकीकडे 'लाकडी नळी' आहे म्हणतात. ज्यांना यायचं त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टॉर्च आणि मऊ ब्रश आपापला आणावा.

---

सुंगटाचं_लोणचं | रवि, रात्री १०:५२

येतो. फोटो अजूनही दिसत नाहीयेत.